खांदेमळणी लाइव्ह

"म्हंजे ती तुला दिसत न्हाई, का तू तिला दिसत न्हाईस?" काकांनी भाकरीचा तुकडा ताटातच ठेवून विचारलं.

"दोन्ही," दिगूदादा म्हणाला.

"इथं तर दिसायलीय की. तुझ्या शेजारीच बसलीय, कांदा फोडायलीय."

"बाबा, मोबाइलमध्ये."

"घरात बसून मोबाइलमध्ये हाकलून दिलं का तिला? तोंडानं म्हणायचं, जरा तिकडं सरक."

काकू हसल्या. माझी आई चुलीपुढं पाठमोरी बसली होती, तिचे खांदे हललेले मला दिसले. कांदा फोडणारी ती मीच, आणि मला मात्र हसू येत नव्हतं. मी त्याच महिन्यात भूशास्त्र घेऊन बीएस्सी झाले होते आणि जगातला प्रत्येक अन्याय मोजून दाखवता येतो अशी माझी खात्री होती.

झालं होतं ते असं. आमचं कुरणथडी गोदावरीच्या काठावर आहे. आमच्याकडे तिला गंगाच म्हणतात. ग्रामपंचायतीनं 'आपलं कुरणथडी' नावाचं पेज काढलं होतं आणि ते दिगूदादा चालवायचा, कारण पंचायतीत संगणकावर तोच बसायचा. दिगंबर माझा चुलत भाऊ. माझे वडील मी तिसरीत असताना गेले, तेव्हापासून आई आणि मी काकांच्याच घरात. लोक सख्खा-चुलत करायचे, काका ते करू द्यायचे नाहीत.

त्या उन्हाळ्यात सरपंचांच्या मेहुण्याचं पोकलेन बैलघाटाच्या खाली वाळू उपसत होतं. बैलघाट म्हणजे बैल पाण्यावर न्यायची उतरती वाट. मी त्याचा फोटो काढून पेजवर टाकला आणि खाली लिहिलं की असंच चाललं तर घाटाची कड ढासळेल, परवाना कुणाला आणि किती ब्रास वाळूचा ते पंचायतीनं सांगावं. दुपारपर्यंत त्यावर गावातली पोरं तुटून पडली. संध्याकाळी फोटो गेला, माझी कमेंट गेली, आणि मग पेजच मला दिसेनासं झालं.

"दादा, ही सेन्सॉरशिप आहे," मी म्हणाले.

"आली मोठी! सेन्सॉर सरकार करतं. मी काय सरकार आहे?"

"आणि ग्रामपंचायत काय आहे मग? भजनी मंडळ?"

"सेन्सॉर म्हंजे शिनेमातलं ना?" काकांनी विचारलं. "नको तेवढं कापतेत, ते?"

"हो, काका. पण तिथं निदान सिनेमाचा तुकडा कापतात. ह्यानं प्रेक्षकच थेटराबाहेर काढला."

"हे बराबर बोलली."

"तुम्ही तिचीच बाजू घ्या," दिगूदादाचा आवाज चढला. "अगं, मी तुझं तोंड बांधलंय का? तुझं तुझं खातं आहे, तिथं लिही. पेपरात दे. पारावर उभं राहून बोंबल. कुणी अडवलंय? ब्लॉक म्हणजे एवढंच, की माझ्या ओसरीवर बसून मला शिव्या घालू नको."

"ओसरी तुझी असती तर मी पायरी चढले नसते. नाव पंचायतीचं आहे."

"चालवतो मी."

"चावडी झाडणारा चावडीचा मालक होत नाही."

हे बोलायला नको होतं, असं आई मागाहून म्हणाली. दिगूदादा जेवण अर्धं टाकून उठला. काका तेवढं म्हणाले, "पोरगं उपाशी उठवू नये माय. भांडायचं तर हात धुतल्यावर भांडावं."

दुसऱ्या दिवशी मी गोठ्यात वैरण टाकत होते, तेव्हा तो आपणहून आला. चांद्या नावाचा आमचा बैल त्याच्या शर्टाची बाही चाटत होता, त्याला त्यानं चाटू दिलं.

"माझं अकरा महिन्यांचं कंत्राट असतंय कांचन," तो म्हणाला. "दरवर्षी सही सरपंचाची लागते."

"मग तसं सांगायचं. ओसरी कशाला काढलीस?"

"सगळ्यांदेखत काय सांगू?"

"आणि फोनवर? मेसेज जात नाहीत माझे. कॉलपण लागत नाही."

"तो माणूस माझा फोन हातात घेऊन बसतो. फोटो दाखव म्हणतो, व्हिडिओ दाखव म्हणतो. तेवढ्यात वर तुझा मेसेज येतो, 'किती ब्रास विचारलंस का?' सांग, मी काय करू? थोडे दिवस. वातावरण निवळलं की काढतो."

"तोवर काही काम पडलं तर?"

"एकाच घरात राहतो आपण. नाहीतर बाबांच्या फोनवर कर."

मला त्याची दया आली होती आणि रागही गेला नव्हता. त्याच आठवड्यात पेजवरच्या कमेंट सगळ्यांसाठीच बंद झाल्या. आता तिथं फक्त पंचायत बोलायची आणि गाव अंगठे दाखवायचं.

वाळू उपसून घाटाखाली पडलेल्या खड्ड्याची काळजी मात्र गावात कुणालाच नव्हती. तेव्हा मलाही नव्हती. काका म्हणायचे, "पैल्या पुरात बुजतो. गंगा आपलं आपण भरून घेती." लहानपणापासून सगळ्यांनी ते बघितलेलं होतं. उन्हाळ्यात खड्डे पडायचे, पावसाळ्यात गढूळ लाल पूर यायचा आणि दिवाळीला पाहावं तर पात्र सपाट. माझा राग वाळूच्या चोरीवर होता. पाण्यावर नव्हता.

ऑगस्टमध्ये मी एमएस्सीला औरंगाबादला गेले. हॉस्टेलची खोली मला आणि जालन्याच्या रुख्सारला मिळाली. त्या वर्षी आमच्याकडे पावसानं पाठ फिरवली. वर घाटमाथ्यावर पडला, धरण भरलं आणि पोळ्याच्या तोंडावर त्यांनी नदीत पाणी सोडलं. आईनं फोनवर सांगितलं, "गंगेला पाणी आलं बाई, ह्या खेपेला बैलं नळाखाली धुवायची पाळी टळली."

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी. बैल नदीवर नेऊन धुवायचे, मग त्यांचे खांदे तूप-हळदीनं चोळायचे. 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या,' असं त्यांच्या कानात म्हणायचं. आमच्या घरी ते काकाच करायचे, आणि बैल पाण्यात घालायलाही दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. मी दरवर्षी काठावर हळदीची वाटी धरून उभी असायचे. त्या वर्षी दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल होतं, म्हणून गेले नाही.

दुपारी मी रुख्सारला म्हटलं, "तुझा फोन दे ना जरा. आमच्या गावाचं पेज मला दिसत नाही."

"अभी भी ब्लॉक? तुझा भाऊ आहे का तहसीलदार?" तिनं फोन दिला आणि स्वतःही येऊन माझ्या पलंगावर बसली. "मला पण बघू दे. बैलांना खरंच आंघोळ घालतात?"

दिगूदादाचं लाइव्ह चालू होतं. आधी त्याचा आवाज आला, पेजवरचा, जरा जड करून काढलेला. "तर मंडळी, पुण्या-मुंबईला असलेल्या आपल्या सर्व गावकऱ्यांसाठी थेट बैलघाटावरून..." मग घाट दिसला. माणसं, बैल, ओल्या मातीवर उमटलेले खूर. आमचा राज्या दिसला आणि त्याच्यामागे चांद्या, आणि चांद्याचा कासरा मनगटाला दोन वेढे देऊन धरलेले काका. धोतर खोचलेलं, डोक्याला उपरणं.

"ये तुझे काका?"

"हो."

"हँडसम है."

काकांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. "दिग्या, आमची कांचन बघायली का रे?"

दिगूदादाचा आवाज एकदम साधा झाला, दबका. "बाबा, लाइव्ह चालूय."

"म्हून तर इचारलं. तिला दिसतंय ना?"

कॅमेरा क्षणभर बैलांवर गेला आणि परत काकांवर आला. मग तो म्हणाला, "हौ. दिसतंय."

काका कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आले. एवढे जवळ की फक्त नाक, मिशी आणि एक डोळा दिसत होता. "माय, चांद्या तुझी वाट बघायलाय बघ. म्हणलं त्याला, तिची परीक्षा हाय. तुझ्या वाटचा बी मीच घासतो. भुईमुगाच्या शेंगा ठेवल्यात तुला, आलीस की काकूला मागून घे." आणि त्यांनी कॅमेऱ्यालाच हात केला.

रुख्सार हसली. मीही हसले. मी त्यांना हातही केला, मूर्खासारखा, फोनला.

काका वळले, चांद्याला घेऊन पाण्याकडे निघाले. राज्या काठापाशी आधीच उतरला होता आणि त्याचे चारही पाय पाण्यातून दिसत होते. खुरांपर्यंत. खालचे दगडसुद्धा.

मी पाहत राहिले. पोळ्याच्या वेळचं गंगेचं पाणी मी जन्मभर पाहिलेलं होतं. ते चहासारखं असतं. त्यात बोट बुडवलं तर नख दिसत नाही.

मागच्याच आठवड्यात वर्गात आमचे सर सांगत होते की धरणात नदीची सगळी वाळू, सगळा गाळ खाली बसतो. तिथून सोडलेलं पाणी रिकामं असतं, भुकेलं. ते खड्डे भरत नाही. उलट कडा खातं. मी ते वहीत उतरवून घेतलं होतं, आकृती काढली होती आणि खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

"काय झालं?" रुख्सारनं विचारलं.

"खड्डा बुजलेला नाही."

"कुठला खड्डा?"

मी माझा फोन घेऊन दिगूदादाला लावला. लागला नाही. लागणारच नव्हता. काकांच्या नंबरवर लावला. वाजला, वाजला आणि आईनं उचलला.

"अगं ते फोन कोनाड्यात ठेवून गेले. म्हणले, भिजतो."

"आई, घाटावर पळ. काकांना म्हणावं पाण्यात जाऊ नका. खड्डा तसाच आहे. पळ, आई!"

तिनं काही विचारलं नाही. फोन खाली पडल्याचा आवाज आला. घरापासून घाट चांगला लांब आहे आणि आईचा गुडघा तेव्हाही दुखायचा.

रुख्सारच्या फोनवर काका घोट्याएवढ्या पाण्यात होते. मी कमेंटची जागा शोधली. पेजवर कमेंट बंद होत्या. खालून फक्त अंगठे आणि हृदयं वर तरंगत चालली होती, लाल, निळी, एकामागून एक.

"रुख्सार, अजून एक फोन."

ती अनवाणी पळत शेजारच्या खोलीत गेली आणि कुणाचा तरी फोन घेऊन आली. फोनची मालकीण तिच्यामागून ओरडत आली होती. दिगूदादाचा नंबर मला पाठ होता. लावला. वाजला. खरंच वाजला. माझ्या कानाशी रिंग जात होती आणि समोर चित्र चालत होतं, कारण लाइव्ह थोडं मागे असतं. मग कानातली रिंग तुटली. फोन कापला होता. आणि त्यानंतर काही क्षणांनी समोरचं चित्र गोठलं. काका गुडघाभर पाण्यात, मान वळवून चांद्याला काहीतरी सांगताना.

चित्र पुन्हा हललं. दिगूदादाचा पेजवरचा आवाज आला. "सॉरी मंडळी, कुणाचातरी फोन आला होता. तर हे बघा..."

मी परत लावला. ह्या वेळी तो लागतच होता की नाही मला सांगता येत नाही, कारण मी समोर पाहत होते. चांद्याचे पुढचे पाय एकदम गेले. पायरी चुकल्यासारखे. तो डोक्यापर्यंत आत गेला, उसळला, वळला आणि त्याच्याबरोबर मनगटाला वेढे दिलेला कासरा गेला. उपरणं पाण्यावर राहिलं. कुणीतरी ओरडलं. दिगूदादा "बाबा" म्हणाला, आणि मग आभाळ दिसलं, मग वाळू, मग नुसती वाळू. त्या वाळूवरही अंगठे तरंगत होते.

चांद्या पोहून बाहेर आला.

मी रात्रीच्या एसटीनं पोचले तोवर काकांना घरी आणलेलं होतं. गळ टाकून भोयांनी काढलं, असं कुणीतरी सांगितलं. सरपंच अंगणात खुर्चीवर बसले होते आणि म्हणत होते, "बुजला आसंल आसं वाटलं हो सगळ्यांला. कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई." कुणी त्यांना उलटून बोललं नाही. मीही नाही. माझं तोंड कुणी बांधलेलं नव्हतं.

दिगूदादा भिंतीला टेकून बसला होता. त्यानं दोनदा उडी घेतली होती, दोन्ही वेळा लोकांनी ओढून काढलं. तो रडत नव्हता. तो खातही नव्हता. दिवस झाले, तेरावं झालं, तरी चहात बुडवून अर्धं बिस्कीट, एवढंच. काकू स्वतःचं दुःख सोडून ताट घेऊन त्याच्यामागे फिरायच्या.

"त्याला काही म्हणू नको," मी आईला म्हणाले होते. "मी फोन केला होता ते."

"मी कुणालाच बोलले न्हाई. मी पोचले तवा तो पाण्यात होता. मी कामून पळत आले, ते इचारायला कुणाला सुद होती?"

हॉस्टेलला परतायच्या आदल्या दिवशी मी ओसरीवर बॅग भरत होते. तो येऊन समोर बसला. दाढीचे खुंट आलेले, केस काढल्यामुळे डोकं लहान दिसत होतं. हातात फोन होता.

"काढलं," तो म्हणाला. "बघ बरं, दिसतंय का."

मी पेज उघडलं. दिसत होतं. सगळ्यात वर ग्रामपंचायतीची श्रद्धांजली होती, काकांचा आधार कार्डावरचा फोटो मोठा केलेला. लाइव्ह काढून टाकलेलं होतं.

"दिसतंय."

"आता लिही, काय लिहायचं ते. मी काढणार नाही. गेली नोकरी तर गेली."

माझ्याकडे लिहायला काही नव्हतं. मी कपड्यांच्या घड्या घालत राहिले.

"कांचन, त्या दिवशी लाइव्ह चालू असताना एक फोन आला होता." तो माझ्याकडे पाहत नव्हता, फोनच्या काळ्या काचेकडे पाहत होता. "अनोळखी नंबर. मी कापला. नंतर लावून बघितला तर कुणी मुलगी बोलली. म्हणाली, चुकून लागला असेल."

शेजारच्या खोलीतल्या त्या मुलीला तसं म्हणायला मी आणि रुख्सारनंच सांगितलं होतं.

"मग चुकून लागला असेल," मी म्हणाले.

"तू नव्हतीस?"

मी घडी घातलेली ओढणी मोडून पुन्हा घातली. चित्र कुठं गोठलं होतं ते मला नेमकं माहीत होतं. फोन वाजला तेव्हा पाणी गुडघ्याला होतं. काठ एका हाकेवर होता. ह्याचं उत्तर जगात फक्त मी देऊ शकत होते, आणि ते ऐकायला तो माझ्यासमोर उपाशी बसला होता.

"मी कशी असेन?" मी म्हणाले. "मला दिसत तरी होतं का? तू ब्लॉक केलं होतंस."

त्यानं डोळे मिटले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या खांद्यांतलं काहीतरी सैल झालेलं मला दिसलं. मला वाटलं, संपलं. पण मग तो रडायला लागला, मोठ्यानं, लहान पोरासारखा, आणि आतून काकू आणि आई दोघी दारात आल्या.

"त्यांनी तुला हाक मारली होती," तो म्हणाला. "पाण्यात जायच्या आधी. तिला दिसतंय का म्हणून विचारलं. मी हो म्हणालो. खोटं बोललो मी, कांचन. ते तुझ्याशी बोलले आणि तुला ऐकूच आलं नाही. माझ्यामुळं."

मला ऐकू आलं होतं. शब्दन् शब्द. मी हातसुद्धा केला होता. एवढं सांगितलं असतं तर त्याच्या डोक्यावरचा तो धोंडा उतरला असता. पण ते पाहिलं म्हटलं की फोनही माझाच.

आई माझ्याकडे पाहत होती. मी मान हलवली नाही, तिनंही नाही.

"काय म्हणाले काका?" मी विचारलं.

तो डोळे पुसून नीट बसला. आठवून आठवून सांगायला लागला. चांद्या वाट बघतोय म्हणाले. तिची परीक्षा आहे म्हणून त्याला सांगितलं म्हणाले. तुझ्या वाटचं मी घासतो म्हणाले. शेंगांचं सांगितलं तेव्हा काकू आत गेल्या आणि फडक्यात बांधलेलं गाठोडं आणून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवलं. मी पहिल्यांदाच ऐकतेय अशी सगळं ऐकत होते. मध्येच "मग?" म्हणत होते.

"मग..." तो थांबला. "मग म्हणाले, दिग्यावर राग धरू नको माय. पोरगं आपलंच आहे."

काका असं काही म्हणाले नव्हते.

"खरंच असं म्हणाले?" काकूंनी विचारलं.

दिगूदादा माझ्याकडे पाहत राहिला.

"म्हणाले असतील," मी म्हणाले. "काका तसंच बोलायचे."

काकू ताट वाढायला आत गेल्या.